साध्या वहीतल्या सह्या

नऊ वर्षं मी रोज सकाळी शाळेच्या दर्शनी फळ्यावर एक सुविचार लिहीत होतो. यशस्वी कसं व्हावं, वेळ कशी पाळावी, मन लावून काम केलं की माणूस कसा पुढं जातो, असलं सगळं. अक्षर माझं चांगलं. रंगीत खडूनं चौकट काढायची, वर वार आणि तारीख, खाली डाव्या कोपऱ्यात एक फूल. त्या फुलाची मला आता सुविचारांपेक्षा जास्त लाज वाटते. ओळी तरी कुठून कुठून वाचलेल्या असायच्या, फूल मात्र माझ्या मनचं होतं.

शाळा आमच्याच गावात, वडीगोद्रीहून हमरस्ता सोडून आत गेल्यावर. जालना वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी बारावीत होतो. आता कचेऱ्या येणार, शाळा निघणार, शिकलेल्या पोरांना मरण नाही, असं जो तो बोलत होता. माझ्या बापानं हे वडीगोद्रीच्या टपरीवर चहा पिताना ऐकलं आणि मनावर घेतलं.

बा मेंढरं राखायचा. पीक निघून रान मोकळं झालं की शेतकरी त्याला निरोप धाडायचे. मेंढरांचा कळप चार-सहा रात्री वावरात बसवायचा, जमिनीला खत मिळायचं आणि त्याच्या बदल्यात सुगीला आमच्या घरी जवारी यायची. कुठल्या वावरात, किती रात्री, जवारी किती, हे सगळं बांधावर उभं राहून तोंडी ठरायचं. कागद नाही, साक्षीदार नाही. कोणी दिलेला शब्द मोडला तर त्याला शिक्षा एकच होती. त्याच्या वावरात पुन्हा कोणाचाच कळप बसायचा नाही. ही शिक्षा पुरत होती, कारण मेंढरांच्या खताशिवाय त्या काळी कोणाचं भागत नव्हतं. मी याच घरात वाढलो. शब्द दिला म्हणजे काम झालं, यात शंका घ्यायची असते हेच मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी बी.ए. झालो तोवर अर्धा कळप विकला गेला होता. उरलेला बी.एड.साठी गेला. शेवटची मेंढरं टेम्पोत चढवली त्या दिवशी बा जेवला नाही. काठी दाराआड उभी करून ठेवली आणि मला म्हणाला, "आता तुझ्यावरच हाय समदं. नोकरी पकडून घे जल्दी."

आणि योग असा की मी बी.एड. होऊन आलो त्याच उन्हाळ्यात गावात हायस्कूल निघालं. विनाअनुदानित. म्हणजे सरकारची परवानगी होती, पण पगार नव्हता. काही वर्षांनी शाळेला अनुदान मिळालं की शिक्षकांना पगार सुरू व्हायचा आणि नोकरी पक्की व्हायची. तोवर फुकट राबायचं. संस्थेच्या अध्यक्षांना सारं गाव अण्णा म्हणायचं. मोसंबीची मोठी बाग, दारात जीप, बोलणं गोड. बानं वर्षानुवर्षं त्यांच्या वावरात मेंढरं बसवलेली. आम्ही दोघं बापलेक त्यांच्या ओट्यावर गेलो तेव्हा अण्णा मोसंबी सोलत बसले होते. त्यांनी अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"उद्यापासून येत जा," अण्णा म्हणाले. "शाळेचा पयला मास्तर तूच. अनुदान आलं की पयलं नाव तुझं, हा माझा शबूद."

मी म्हणालो, "आणि ऑर्डर?"

हे एवढं मी एकदाच विचारलं. अण्णांच्या आधी बाच चिडला. "कागद काय मागून राह्यला? अण्णा का परके हायेत?" अण्णा हसले, म्हणाले, "देऊन टाकू की. घरचंच तर हाय." पुन्हा कधी ऑर्डरचं नाव काढायचं नाही, हे माझ्या डोक्यात तिथंच बसलं. त्या वयात मी ते संस्कार म्हणून मिरवलं. आज त्याला मी निव्वळ बावळटपणा म्हणतो.

शाळा पत्र्याच्या तीन खोल्यांची. मुख्याध्यापक मंठ्याकडचे होते, त्यांना आम्ही हेडसर म्हणायचो. माणूस कागदाचा पक्का. पहिल्या दिवशी मी मस्टरवर सही करायला गेलो तर त्यांनी मस्टरवर हात ठेवला.

"ऑर्डरबिगर मस्टरवर नाव घेता येत न्हाई सर. ऑर्डर येईस्तोवर तुम्ही या वहीत सही करत जा."

आणि दोनशे पानांची एक साधी वही माझ्यापुढं सरकवली. मी त्या वहीवर छान अक्षरात 'शिक्षक हजेरी' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. पहिली वही भरली, मग दुसरी आणली. दोन्हींचे पैसे मीच दिले होते.

फळ्याचं काम आपसूक माझ्याकडं आलं. परिपाठाला पोरं रांगेत उभी राहायची आणि मी लिहिलेला सुविचार एक जण मोठ्यानं वाचायचा. मला ते फार आवडायचं. मी खोटं कशाला बोलू? मला तेव्हा खरंच वाटायचं की मी पोरांना घडवतोय आणि पोरांबरोबर मीही घडतोय. मी सगळ्यांच्या आधी यायचो, सगळ्यांच्या नंतर जायचो. दहावीच्या पोरांना दर वर्षी मीच करिअर मार्गदर्शन करायचो. ज्याला स्वतःला पगार नाही असा माणूस खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यांसमोर उभा राहून नोकरीत यश कसं मिळवावं हे तासभर सांगायचा, आणि एकालाही हसू आलं नाही. मलाही आलं नाही. घरी बायको शेजारपाजारच्या बायकांची पोलकी शिवायची, त्यावर मीठमिरची चालायची. ती शिलाई मशिनीवर बसलेली असताना मी पलीकडं उद्याची ओळ शोधत बसायचो.

माझी आवडती ओळ मीच जुळवलेली होती. 'आपलं काम चोख करत राहा, मागण्याची वेळ येणार नाही.' वर्षातून पाच-सहा वेळा तरी ती फळ्यावर यायची.

हळूहळू वर्ग वाढले तसे शिक्षक येत गेले. शाळेत टाइपरायटर नव्हता, म्हणून त्यांच्या नेमणुकीच्या ऑर्डरी हातानं लिहाव्या लागायच्या. लिहायचं कोणी? ज्याचं अक्षर चांगलं त्यानं. खाली कार्बन घालून मी लिहायचो, अण्णा सही करायचे, हेडसर जावक रजिस्टरला नंबर टाकायचे. गणिताचे सर आले तेव्हाची गोष्ट मला लख्ख आठवते. ते केदारखेड्याकडचे. बरोबर वडील आले होते, धोतर, टोपी, कमी बोलणारा माणूस. अण्णांनी त्यांनाही मोसंबी दिली. त्यांनी ती खिशात ठेवली आणि म्हणाले, "ऑर्डर घेऊनच जातो मी."

"धाडून देऊ की," अण्णा म्हणाले.

"बसतो ना. मला काय घाई न्हाई."

म्हातारा दुपारपर्यंत ऑफिसातल्या बाकावर बसून राहिला. शेवटी अण्णांनी मला हाक मारली आणि मी ऑर्डर लिहून दिली. त्यांनी ती पुन्हा मला वाचायला लावली, तारीख दोनदा विचारली, घडी करून कोपरीच्या आतल्या खिशात घातली. संध्याकाळी मी बाला हे सगळं नक्कल करून सांगितलं. आम्ही दोघं खूप हसलो. बा म्हणाला, "भरोसा न्हाई माणसाचा माणसावर. असल्याच्या वावरात मी एक रात मेंढरं बसवली नसती."

अण्णांच्या दृष्टीनं सरळ होतं. बाकीचे बाहेरगावचे, त्यांना कागद द्यावा लागतो. मी गावचा. घरच्या माणसाला कोणी कागद देतं का? आणि मी या घरचेपणावर खूश होतो. अण्णांच्या घरी लग्न असलं की मी वाढायला असायचो, पत्रिकांवर नावं घालायला मीच. हे सांगताना आज माझ्या कानशिलाशी गरम होतं.

सातव्या वर्षी शाळा अनुदानाच्या यादीत आली. तालुक्याहून माणूस सांगत आला आणि हेडसरांनी पोरांना पेढे वाटले. प्रत्येक शिक्षकाचा प्रस्ताव करायचा होता, त्याला ऑर्डर, रुजू झाल्याचा अहवाल आणि मस्टरचे उतारे जोडायचे होते. आठ दिवस मी शाळेतच जेवलो आणि सगळ्यांच्या फायली लिहून काढल्या. सगळ्यात शेवटी माझी. तेव्हा हेडसर म्हणाले, "सर, तुमची ऑर्डर अजून न्हाईच की."

मी लागलीच कोरा कागद घेतला आणि स्वतःची ऑर्डर स्वतःच्या हातानं लिहिली. तारीख कोणती घालायची असं हेडसरांनी विचारलं. मागच्या तारखेला जावक रजिस्टरात जागा नव्हती, दर साली तपासणीवाले शेवटच्या नंबरखाली सही करून गेलेले. मी म्हणालो, "आजचीच घाला. तारखेनं काय होतंय? मी पहिला आलो हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

हे वाक्य माझं आहे. ते कोणी माझ्या तोंडात घातलं नाही. अण्णांवर मी जितका चिडतो त्याच्या दुप्पट या वाक्यावर चिडतो. अण्णांनी मला फसवायचं ठरवलं होतं असं मला आजही वाटत नाही. त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं, आणि मी त्यांना कधी ठरवायला लावलं नाही.

मंजुरी आली तेव्हा शाळेला हेडसर धरून पाच जागा मिळाल्या होत्या. नावं ऑर्डरच्या तारखेप्रमाणं लावलेली. गणिताचे सर तिसरे. माझं नाव सहावं, आणि त्यासमोर लिहिलं होतं, 'पद उपलब्ध नाही.' मी जालन्याच्या कचेरीत त्या दोन साध्या वह्या घेऊन गेलो. तिथला कारकून भला होता. त्यानं पानं उलटली, माझं अक्षर पाहिलं, म्हणाला, "अक्षर लय झकास आहे सर तुमचं." मग वह्या मिटून परत दिल्या. एवढंच.

घरी सांगितलं तेव्हा बायको पुन्हा मशिनीवर बसली. बाला मात्र ते समजेचना. "पर त्यानं शबूद दिल्ता ना?" हे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दाराआडची काठी काढली, धुतलेला पटका बांधला आणि अण्णांकडं निघाला. मी मागं मागं गेलो. त्याला अडवायला हवं होतं, पण माझ्या मनात कुठंतरी आशा होती की बा बोलला तर काहीतरी होईल. तिशीला टेकलेला, दोन पदव्या घेतलेला मी, आणि आशा कोणाची धरली, तर अंगठा लावणाऱ्या म्हाताऱ्याची.

अण्णा ओट्यावर होते. त्यांनी बाला बसायला सांगितलं, बा बसला नाही.

"अण्णा, बराबर केलं न्हाई तुम्ही. शबूद दिल्ता."

"अरे बाबा, मी कुठं न्हाई म्हणतोय? सरकारनं जागाच पाच दिल्या. तुझं पोरगं घरचं हाय, बाहेरच्याला मी कसा काढू? तो कोरटात जाईल. पुढची तुकडी मिळाली की जागा वाढंल, मंग पयलं नाव त्याचंच."

 बा काठी जमिनीवर टेकवून, आयुष्यातली सगळ्यात मोठी शिक्षा द्यावी तशा आवाजात म्हणाला, "मंग आजपासून तुमच्या वावरात मेंढरं बसणार न्हाईत."

अण्णांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते हसले नाहीत, तेवढं भान त्यांना होतं. ओट्याच्या टोकाला युरियाची पोती थप्पी लावून ठेवलेली होती. अण्णांनी तिकडं बघितलं, मीही बघितलं. बाजवळ एकही मेंढरू उरलं नव्हतं, आणि अण्णांच्या रानात मेंढरं बसल्याला कैक वर्षं झाली होती. बाच्या हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. तो तिथं उभा असताना ते त्याच्या लक्षात येताना मला दिसलं. त्यानं काठी बगलेत धरली आणि निघाला.   त्याचा कळप विकून मी जे शिकलो, त्यातलं काहीच तिथं उपयोगी पडलं नव्हतं.

यानंतर मी शाळा सोडली असेल असं कोणालाही वाटेल. मी सोडली नाही. पुढची तुकडी मिळणार होती ना. आणखी दोन वर्षं मी गेलो. रोज सकाळी फळा पुसला, चौकट काढली, फूल काढलं, यशस्वी होण्याचा एक उपाय लिहिला. मस्टरवर सही करायला आता मला कोणी अडवत नव्हतं. बाकीचे चौघं पगारी झाले, गणिताच्या सरांनी स्कूटर घेतली, येताजाता मला मागं बसवायचे. माणूस चांगलाच होता. पुढची तुकडी आली नाही. तोवर सरकारी भरतीचं माझं वयही निघून गेलं. एका सोमवारी मी घरातून निघालो आणि शाळेकडं वळायच्या ऐवजी सरळ हमरस्त्यावर गेलो. मी का येत नाही हे विचारायला त्या आठवड्यात कोणी आलं नाही.

उरलं होतं फक्त अक्षर. वडीगोद्रीच्या रस्त्यावर एका टायरवाल्याच्या शेजारी पत्रा टाकून मी पाट्या रंगवायला बसलो. 'येथे पंक्चर काढून मिळेल', 'शुद्ध शाकाहारी', ट्रकच्या मागं नंबर. बा अधूनमधून यायचा, उन्हात बसून ब्रश बघायचा. त्या सकाळनंतर त्यानं माझ्याजवळ शाळेचा विषय काढला नाही आणि अण्णांचंही नाव घेतलं नाही. तो गेला तेव्हा अण्णा खांदा द्यायला आले होते. मी त्यांना देऊ दिला. मग काही वर्षांनी अंबडला आणि जालन्याला फ्लेक्सची दुकानं झाली आणि पाट्याही कमी होत गेल्या. कधी चार दिवसांनी एखादं गिऱ्हाईक यायचं.

अशाच एका दुपारी मोटारसायकल थांबली. उतरलेला तरुण वाकून पाया पडला. माझा विद्यार्थी. ओळख पटायला वेळ लागला, पण हा परिपाठात सुविचार वाचायचा, आवाज खणखणीत होता. एम.ए., बी.एड. झालोय म्हणाला. घराच्या दारावर लावायला नावाची पाटी पाहिजे होती. फ्लेक्सची नको, सरांच्याच हाताची.

"काय लिहू?"

"नावाआधी 'प्रा.' घाला सर. जुनियर कॉलेजला लागलो ना."

"कुठं?"

"आपल्याच संस्थेत. अण्णांच्या मुलानं, दादांनी कॉलेज काढलंय. अजून विनाअनुदानित हाय, पर होईल."

ब्रश माझ्या हातात तसाच राहिला. मी विचारलं, "किती दिवस झाले?"

"तिसरं वर्ष चालू हाय."

"ऑर्डर मिळाली?"

तो हसला. मी ते हसणं ओळखलं. केदारखेड्याच्या म्हाताऱ्याची नक्कल करताना बा आणि मी असंच हसलो होतो.

"मिळेल की सर. दादा म्हणले, तू आपल्या गावचा, तुला कशाला कागद? पयलं नाव तुझंच."

मी त्याला सगळं सांगितलं. वहीचं, तारखेचं, सहाव्या नावाचं. बाचंही सांगितलं. म्हणालो, "आज जा आणि ऑर्डर घेतल्याशिवाय त्या ऑफिसातून उठू नकोस. बस तिथं. भिकाऱ्यासारखं बसावं लागलं तरी बस." त्यानं मान खाली घालून नीट ऐकून घेतलं. पोरगं संस्कारी होतं. मग म्हणाला, "सर, तुमच्यावर वेळ वाईट आली, हे खरंय. पर मला असं मागायला कसंतरी वाटतं. तुम्हीच शिकवलं न्हाई का?"

आणि त्याच जुन्या खणखणीत आवाजात, टायरवाल्याच्या दुकानासमोर उभं राहून, त्यानं म्हणून दाखवलं, "आपलं काम चोख करत राहा, मागण्याची वेळ येणार नाही."

एक शब्द चुकला नाही. टायरवाला वा म्हणाला.

मी पाटीचा पत्रा मांडीवर घेतला आणि 'प्रा.' लिहिलं, मग त्याचं नाव. अक्षर चांगलं आलं. मी हात थांबवला तसा तो वाकून पाटी बघू लागला.

"सर," तो म्हणाला, "खाली कोपऱ्यात ते फूल पण काढा ना. फळ्यावर काढायचे तसलं."

मी लाल रंगाची डबी उघडली आणि त्याला फूल काढून दिलं.